मुलांना गप्प करणारी पुस्तकं नकोत

नुकतं चालायला लागलेलं मूल धपकन पडतं. ते भोकाड पसरायच्या आत घरातलं कोणीतरी धावतं, फरशीवर दोन चापट्या मारतं आणि म्हणतं, "बघ, मुंगी मेली! उंदीर पळाला!" मूल क्षणभर मुंगी शोधतं आणि रडायचं विसरतं. मराठी घरात वाढलेल्या बहुतेकांनी हे लहानपणी ऐकलेलं आहे आणि मोठेपणी म्हटलेलंही आहे. त्यात माया आहे, यात शंकाच नाही. पण गुडघ्याला लागलेलं असतं ते तसंच राहतं. "हो रे, लागलं ना तुला" एवढं म्हणायचं राहून जातं.

हे आठवलं ते पुस्तकांमुळे. गेल्या काही वर्षांत दुकानांत आणि प्रदर्शनांत लहान मुलांच्या पुस्तकांचा एक नवा कप्पा दिसायला लागला आहे. राग आला तर काय करायचं, अंधाराची भीती वाटली तर काय, धाकटं भावंड आल्यावर काय. थोडक्यात, भावनांची चित्रपुस्तकं. कल्पना मोलाची आहे. मी आमच्या वस्तीतल्या छोट्या वाचनालयात दर शनिवारी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाचून दाखवते, त्यामुळे अशी पुस्तकं हाती येतात आणि मी ती आशेने उघडते. पण त्यातली बरीचशी मिटताना वाटतं, ही तीच मुंगी आहे. फक्त आता ती जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत, चकचकीत रंगांत मिळते.

या पुस्तकांचा साचा एकदा लक्षात आला की पुढचं पान उलटायच्या आधीच सांगता येतं. एक ससा असतो, किंवा अस्वलाचं पिल्लू. दुसऱ्या पानावर त्याला राग येतो. चौथ्या पानावर तो खेळणी फेकतो आणि सगळे मित्र दूर जातात. सहाव्या पानावर एक शहाणं घुबड, नाहीतर आई, त्याला दहापर्यंत आकडे मोजायला किंवा खोल श्वास घ्यायला शिकवते. दहाव्या पानावर तो शांत होतो, सगळ्यांची माफी मागतो आणि मित्र परत येतात. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत पालकांसाठी सूचना असतात आणि त्यांच्याशेजारी चार गोल चेहरे: आनंद पिवळा, दुःख निळं, राग लाल, भीती जांभळी.

सशाला राग कशामुळे आला, हे बहुतेक वेळा एका वाक्यात उरकलेलं असतं. कधीकधी तेवढंही नसतं. राग आला की तो घालवायचा, एवढंच लेखकाला सांगायचं असतं. मूल काय शिकतं? राग आला की मित्र जातात. राग गेला की ते परत येतात. म्हणजे रागावलेल्या मला कोणी जवळ घेणार नाही.

आमच्याकडे येणाऱ्या एका चार वर्षांच्या मुलाला घरी असंच एक पुस्तक आणलं होतं. तो चिडला की घरातली माणसं त्याला विचारायची, "सशाने काय केलं होतं, आठव बरं?" त्याने ते पुस्तक पलंगाखाली ढकललं, अगदी भिंतीपर्यंत, आणि कोणाला काढू दिलं नाही. त्याच्या आईने मला हे काळजीने सांगितलं. मुलाला वाचनाचीच नावड लागते की काय, अशी भीती तिला वाटत होती. मला मात्र त्या मुलाने ते पुस्तक अगदी बरोबर वाचलं असं वाटलं. त्याला गप्प बसवायला आणलेली एक वस्तू त्याने ओळखली होती.

माझं म्हणणं सरळ आहे. मुलाला लवकर शांत करायच्या घाईने लिहिलेलं पुस्तक मुलाच्या कामाचं नसतं, मोठ्यांच्या कामाचं असतं. सार्वजनिक पैशातून, अंगणवाडीत, बालवाटिकेत आणि पहिलीच्या वर्गात जी पुस्तकं जाणार आहेत, त्यांत अशा पुस्तकांची भर पडू नये.

एका आईने मला यावर सुनावलं होतं आणि तिचं म्हणणं मी बाजूला सारू शकत नाही. "तुम्ही शनिवारी तासभर असता. मी दिवसभर काम करून येते, स्वयंपाक असतो, आणि तो त्याच वेळी जमिनीवर लोळण घेतो. मला त्याला शांत करायचंच असतं. त्यात काय चुकलं?" काहीच चुकलं नाही. थकलेल्या माणसाला शांतता हवी असते आणि दहापर्यंत मोजणं हा काही वाईट उपाय नाही. मोठ्यांनाही तो उपयोगी पडतो. पण लोळण घेतलेल्या मुलाला त्या क्षणी कोणतंच पुस्तक उपयोगी पडत नाही. त्या वेळी त्याला एक न चिडलेलं माणूस जवळ हवं असतं. पुस्तकाची वेळ वेगळी. दुपारची झोप झाल्यावर, मांडीवर, काहीही बिघडलेलं नसताना. तेव्हा दुसऱ्या कोणाचातरी राग बिनधोक पाहता येतो. आणि मूल तो पाहतं ते उपाय शिकायला नाही. हे असं माझ्याशिवाय आणखी कोणाला होतं का, हे त्याला पाहायचं असतं.

भावनेला नाव देण्याने फरक पडतो, याला थोडाफार आधार आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि मेंदूचं स्कॅन केलं. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला, की मेंदूतल्या धोक्याची जाणीव करून देणाऱ्या भागाची खळबळ कमी होत होती. त्याच चेहऱ्याला नुसतं माणसाचं नाव दिलं, तर तशी होत नव्हती. प्रयोग मोठ्या माणसांवर झाला होता, तेव्हा तो जसाच्या तसा चार वर्षांच्या मुलाला लावता येणार नाही. पण त्यातला एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या माणसांना शांत व्हा असं कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी फक्त शब्द शोधला.

आणि शब्दांच्या बाबतीत मराठी मूल गरीब नाही. आपण त्याला गरीब करतो आहोत.

ते चार गोल चेहरे पुन्हा पाहा. आनंद, दुःख, राग, भीती. आता मराठी घरातलं एक मूल दिवसभरात काय काय होतं ते पाहू. सकाळी ते रुसतं. दादाला मोठा पेला मिळाला म्हणून फुरंगटून बसतं. पाहुणे आले की बुजतं. बाबा येणार म्हणाले आणि आले नाहीत की हिरमुसतं. हातून दूध सांडलं की कानकोंडं होतं. सगळे हसले की ओशाळतं. गर्दीत बावरतं, आवाजाने दचकतं, मोठ्या कुत्र्यापुढे भेदरतं. दुसऱ्याची सायकल पाहून त्याला हेवा वाटतो. रात्री झोपताना त्या सांडलेल्या दुधाची त्याला चुटपुट लागते. भरताने नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव मानले आणि त्यांच्या आगेमागे येणारे तेहतीस व्यभिचारी भाव वेगळे मोजले. आपल्या आज्यांनी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्यांच्या तोंडी असे शब्द रोजचेच होते.

रुसण्याचंच घ्या. रुसणं हा राग नाही. रागावायला कोणीही चालतं, वस्तूसुद्धा चालते. रुसायला मात्र आपलं माणूस लागतं. समजूत काढायला कोणी येईल याची खात्री असेल तरच मूल रुसतं. समजूत 'काढायची' असते, घालायची असते. ती दोघांच्या मधली गोष्ट आहे. 'फुरंगटलेलं मूल' म्हटलं की गाल फुगवून, पाठ करून, पण कान मात्र आपल्याकडे लावून बसलेलं मूल डोळ्यांसमोर येतं. लाल रंगाच्या एका गोल चेहऱ्यात हे सगळं ओतायचं आणि खाली 'राग' असं लिहायचं, तर त्या मुलाला तोंडघशी पाडल्यासारखंच होतं.

त्याहून मोठं उदाहरण म्हणजे 'करमत नाही'. अंगणवाडीत पहिल्या आठवड्यात बसवलेलं मूल डोळे भरून म्हणतं, "मला करमत नाही." यात आईची आठवण आहे, परकेपणा आहे, वेळ जात नाही हे आहे, आणि इथलं काहीच माझं नाही हेही आहे. ही नेमकी आणि अवघड भावना साडेतीन वर्षांचं मूल दोन शब्दांत सांगतं. तरी त्याच्या हातात भाषांतरित पुस्तक येतं, त्यात लिहिलेलं असतं: "मला दुःखी वाटत आहे." असं कोणतं मराठी मूल बोलतं? ते म्हणतं, "मला कसंतरी होतंय." "पोटात कसंतरी होतंय." भाषांतरकाराने एखादी सकाळ अंगणवाडीच्या ओट्यावर काढली असती, तर त्याच्या हातून ते वाक्य उतरलं नसतं.

आता एका जुन्या पुस्तकाकडे वळते, कारण चांगलं काय असतं हे त्याच्याशिवाय सांगता येत नाही. अमेरिकेतल्या मॉरिस सेंडाक यांचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' 1963 साली आलं. मॅक्स नावाचा मुलगा लांडग्याचा पोशाख घालून घरात धुडगूस घालतो. आई ओरडते, तो उलटून म्हणतो की मी तुला खाऊन टाकीन, आणि त्याला उपाशी खोलीत पाठवलं जातं. खोलीत जंगल उगवतं. तो होडीतून अक्राळविक्राळ प्राण्यांच्या मुलखात जातो, त्यांचा राजा होतो, धिंगाणा घालतो, मग त्याला एकटं वाटतं आणि तो परत येतो. खोलीत जेवण ठेवलेलं असतं. ते अजून गरम असतं.

हे पुस्तक हातात घेऊन पाहावं असं आहे. सुरुवातीची चित्रं छोटी आहेत, भोवती पांढरी जागा सोडलेली. मॅक्सचा राग वाढतो तशी चित्रं वाढत जातात, पांढरी जागा खात जातात, आणि धिंगाण्याच्या वेळी सलग तीन जोडपानांवर एक शब्दही नाही. तिथे कोणी काही समजावत नाही. मग चित्रं मागे हटू लागतात. शेवटच्या पानावर चित्र नाहीच, जेवण गरम असल्याचे तेवढे शब्द आहेत. मॅक्स कोणाची माफी मागत नाही. आई एकाही चित्रात दिसत नाही, तरी ती आहे हे त्या गरम जेवणातून कळतं. राग पूर्ण येऊ दिला, पूर्ण जाऊ दिला, आणि तोवर कोणी दार बंद केलं नाही.

त्या काळी यावर टीकाही झाली. ब्रूनो बेटलहाइम या नामांकित मानसशास्त्रज्ञाने पुस्तक स्वतः न वाचता त्याला दोष दिला. आईनेच मुलाला उपाशी झोपायला पाठवावं हे त्यांना घातक वाटलं. मुलांनी ते पुस्तक सोडलं नाही. सेंडाक सांगत, की ते प्राणी म्हणजे त्यांच्या लहानपणी ब्रुकलिनच्या घरी येणारे आत्या, मावश्या आणि काका. गालगुच्चे घेऊन ही माणसं म्हणायची, खाऊनच टाकते तुला! आपल्याकडेही मावश्या "खाऊ का तुला?" म्हणत याच तऱ्हेने गाल ओढतात. तेव्हा मुलाला भीती आणि लाड दोन्ही एकदम वाटतं.

मात्र हे शिकायला आपल्याला ब्रुकलिनपर्यंत जावं लागतं, असं मुळीच नाही. मराठी मूल आयुष्यात जी पहिली गोष्ट ऐकतं, तिच्यात हे सगळं आहे. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. मोठा पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं. तो भिजत चिऊच्या दाराशी येतो. "चिऊताई चिऊताई, दार उघड." आतून उत्तर येतं, "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे." पुन्हा दार वाजतं. "थांब, माझ्या बाळाला पावडर लावू दे." "थांब, तीट लावू दे."

ही गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली असेल. ऐकणाऱ्या मुलांचे चेहरे पाहिले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. आपण सांगताना चिऊच्या घरात असतो, बरीच मुलं मात्र बाहेर असतात, कावळ्याबरोबर, पावसात. घरात नवं बाळ आलेलं असेल तर नक्कीच. आई आत बाळाला अंघोळ घालते आहे, तीट लावते आहे, आणि मी बाहेर 'थांब, थांब' ऐकत उभा आहे. धाकट्या भावंडाच्या हेव्याबद्दल याहून खरं काही कोणी लिहिलं असेल असं मला वाटत नाही. शेवट घरोघरी निराळा. कुठे कावळा आत येतो आणि शेगडीशी बसून शेकतो, कुठे तापलेल्या तव्यावर बसून पोळतो. मोठी माणसं घाईने शेवटी जोडतात, "म्हणून नेहमी पक्कं घर बांधावं." एका मुलीने मला त्या वेळी थांबवून विचारलं होतं, "पण तिने पहिल्यांदाच दार का नाही उघडलं?" मी काही बोलले नाही. तिला उत्तर नको होतं. हा प्रश्न विचारता येतो, एवढं तिला पुरे होतं.

हट्टाने सांगावंसं वाटतं, की चिऊकाऊच्या गोष्टीची चित्रपुस्तकं छापताना त्यातली ही ताटातूट पुसू नका. अलीकडच्या गोड आवृत्त्यांत चिऊ लगेच दार उघडते आणि दोघं मिळून खीर खातात. अशी खीर काय कामाची?

प्राण्यांबद्दल आणखी एक. टोरोंटोमधल्या संशोधकांनी 2017 साली चार ते सहा वर्षांच्या मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वाटून घेण्याबद्दलची एकच गोष्ट काही मुलांना माणसांची पात्रं घेऊन वाचून दाखवली, काहींना कपडे घातलेल्या प्राण्यांची. नंतर मुलांना स्टिकर देऊन ते दुसऱ्या मुलासाठी ठेवायची संधी दिली. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी आधीपेक्षा जास्त स्टिकर दिले. प्राण्यांची ऐकलेल्यांच्या बाबतीत तसं झालं नाही. हा अभ्यास दातृत्वाबद्दल होता, रागाभीतीबद्दल नव्हता. चिऊकाऊसारख्या लोककथांना तो लागू होईल असंही मला वाटत नाही, कारण ती काही माणसांचे कपडे घालून शिकवायला उभी केलेली पाखरं नाहीत. पण शर्टपँट घातलेल्या अस्वलावर आपण जो भरवसा टाकतो, तो निदान तपासून पाहायला हवा. मुलाला मूल दाखवा. त्याच्यासारख्या घरात राहणारं, त्याच्यासारखं बोलणारं.

माधुरी पुरंदरे यांनी स्वतः लिहिलेल्या आणि स्वतः चितारलेल्या पुस्तकांनी हे मराठीत करून दाखवलं आहे. शाळेचा पहिला दिवस, कंटाळा, घरी आलेले पाहुणे, असं रोजचंच काहीतरी असतं. मूल त्यात घोटाळतं, हट्ट करतं आणि पुस्तक त्याच्याकडे बोट दाखवत नाही. चित्रातल्या घरात मोरी असते, वाळत घातलेले कपडे असतात. पण एक लेखिका आणि पुण्यातले मोजके प्रकाशक किती घरांपर्यंत पोचणार?

कारण घरं फार वेगवेगळी आहेत. बीड जिल्ह्यातलं एखादं गाव घ्या. दिवाळीच्या आसपास ऊसतोड मजूर नेणाऱ्या मुकादमाची ट्रक लागते. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन तोडणीला निघते, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. गाळप संपेपर्यंत, म्हणजे पुढचे चार-पाच महिने, मूल आजीजवळ राहतं, किंवा हंगामी वसतिगृहात, किंवा आईबापांबरोबर उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. ट्रक निघताना त्या मुलाला काय होतं? दिवाळी जवळ आली की त्याला आनंद होतो, की पोटात गोळा येतो? माझ्या पाहण्यात तरी या वयाच्या मुलासाठी या सकाळीचं चित्रपुस्तक आलेलं नाही. हे पुस्तक निघालं तर ते बीडच्या मुलाला सोबत होईल आणि मुंबईच्या मुलाला आपली साखर कुठून येते ते कळेल.

आणि इथेच मला खोल श्वासाच्या पुस्तकांबद्दलचा सगळ्यात मोठा आक्षेप मांडायचा आहे. त्या पुस्तकांत भावना नेहमी मुलाच्या आत निर्माण होते आणि ती सांभाळायची जबाबदारीही मुलाचीच असते. जगाने काही केलेलंच नसतं. पण शेजारच्या ओट्यावर खेळायला गेलेल्या मुलाला "तू आमच्या पोरांत नको येऊ" असं जातीवरून ऐकावं लागतं, तेव्हा त्याला जे वाटतं त्याला अपमान म्हणतात. बाप दारू पिऊन आला की जे वाटतं ती धास्ती असते. तिसऱ्या दिवशीही डब्यात कोरडी भाकरी असते आणि बाजूच्या मुलीच्या डब्यात काहीतरी वासाचं, तेव्हा जे वाटतं तो नुसता हेवा नसतो. या मुलांना दहापर्यंत मोजायला शिकवणं म्हणजे चूक त्यांच्या पदरात बांधणं आहे. त्यांना राग यायलाच हवा. पुस्तकाने फक्त एवढं म्हणावं: हे घडलं, ते चुकीचं होतं, आणि तुला जे वाटलं ते बरोबर वाटलं.

या प्रश्नाला सरकारी कागदात आता जागा मिळाली आहे. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 2022 साली आलेल्या राष्ट्रीय पायाभूत स्तर अभ्यासक्रम आराखड्यात भावनिक बुद्धिमत्ता हे एक उद्दिष्ट आहे. मला त्याचा आनंद झाला. पण त्या उद्दिष्टाची मांडणी नीट वाचा. स्वतःच्या भावना समजून घेणं, त्या हाताळणं, आणि सामाजिक रीतींना सकारात्मक प्रतिसाद देणं, हे तिन्ही एकाच वाक्यात ओवलेलं आहे. समजून घेणं ही एक गोष्ट झाली, रीतीला धरून वागणं ही दुसरी. पुस्तकं निवडणाऱ्या समितीने घाईत तिसऱ्यावरच बोट ठेवलं, तर पुन्हा तेच ससे आणि तीच घुबडं हजारो प्रतींनी छापली जातील.

मृत्यूबद्दल तर आपण बोलतच नाही. कोविडमध्ये आईवडील दोघंही गमावलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारने 2021 साली 5 लाख रुपयांची ठेव ठेवायचं ठरवलं. तो निर्णय योग्यच होता. ती मुलं मोठी झाल्यावर पैसा त्यांच्या कामी येईल. पण त्या वेळी तीनचार वर्षांची असलेली मुलं रात्री काय विचारत होती? त्यांना सांगितलं गेलं, बाबा गावाला गेलेत. आई देवाघरी गेली. आजोबांची चांदणी झाली. या वयाचं मूल शब्द जसाच्या तसा धरतं. गावाला गेलेला माणूस एसटीने परत येतो, मग मूल एसटीची वाट पाहतं. देवाघरी बोलावलं असेल, तर देव आपल्यालाही बोलावील म्हणून देवळात जायला घाबरतं. 'मेली' हा शब्द मुंगीसाठी आपण हसतहसत वापरतो आणि आजीसाठी मात्र गिळून टाकतो. साध्या शब्दांत, श्वास थांबला, शरीर चालेनासं झालं, ती परत येणार नाही, आपल्याला तिची आठवण येईल आणि रडू येईल, असं सांगणारं चित्रपुस्तक गावोगावच्या अंगणवाडीत एकेक तरी असायला हवं. ते रोज वाचायचं नाही. लागेल तेव्हा हाताशी असावं, घरातल्या औषधाच्या डब्यासारखं.

मग करायचं काय? पैसा, निवड आणि वाचणारं माणूस, या तिन्हींचा विचार एकत्र करावा लागेल, आणि यात शेवटचं सगळ्यात अवघड आहे. एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली आणि आज महाराष्ट्रात लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. त्यांच्या मुळाशी असलेली कल्पना याच मातीतली. गुजरातेतले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक 1945 साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या, पुढे कोसबाडला गेल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर ताराबाई आणि अनुताई वाघ शाळाच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. भीती आणि आमिष या दोन्हींशिवाय मूल शिकतं, ही गिजुभाईंची आणि या दोघींची धारणा होती. आजची अंगणवाडी सेविका मात्र मुलांची वजनं घेते, पोषण आहाराचा हिशेब ठेवते, मोबाइलवर नोंदी भरते, लसीकरणाला मदत करते. तिला मांडीवर पुस्तक घ्यायला वेळ मिळणार कधी? तिच्या कामातून रोजची वीस मिनिटं मोकळी केल्याशिवाय कितीही देखणी पुस्तकं पाठवली तरी ती कपाटातच राहणार. कुलूपही लागतं, कारण पुस्तक फाटलं तर जाब तिलाच द्यावा लागतो. फाटलेलं पुस्तक म्हणजे वाचलेलं पुस्तक, असं एक साधं परिपत्रक काढता येणार नाही का?

निवडीच्या समितीत रोज लहान मुलांना वाचून दाखवणारी निदान दोन माणसं असावीत. पाड्यावरच्या, वस्तीवरच्या. पुस्तक घ्यायच्या आधी ते मुलांसमोर वाचून पाहावं. तिसऱ्यांदा 'पुन्हा वाच' अशी मागणी आली नाही, तर घेऊ नये. वारली, कोरकू, गोंडी, पावरी बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या भाषेतला घाबरण्याचा आणि रुसण्याचा शब्द पुस्तकात यावा. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने 2015 साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर खुल्या परवान्याची चित्रपुस्तकं आहेत. ती कोणीही भाषांतरित करू शकतं, छापू शकतं. तिथल्या तांत्रिक सोयीत काही अडचण नाही, बोलीत नीट उतरवून देणारी माणसं मात्र शोधावी लागतील आणि त्यांना मानधन द्यावं लागेल. चित्रकारांनाही. चित्रपुस्तकात निम्म्याहून जास्त गोष्ट चित्र सांगतं, आणि तरी मराठीत चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर शोधावं लागतं.

आमच्या वाचनालयात आम्ही गेल्या पावसाळ्यात एक गोष्ट केली. देणगीत आलेली ससा-घुबडांची पुस्तकं टाकून द्यायची नव्हती, त्यांतली चित्रं काही वाईट नाहीत. म्हणून शेवटच्या पानावरच्या सूचना आणि ते चार गोल चेहरे आम्ही पांढऱ्या कागदाने झाकले, खळ लावून पक्के चिकटवले आणि मुलांना सांगितलं, हे पान तुमचं. कोणी त्यावर रेघोट्या ओढल्या आहेत, कोणी आपलं नाव उलटं लिहिलं आहे. एका पुस्तकात कोणीतरी काळ्या खडूने कावळा काढला आहे आणि पानभर निळा पाऊस. घर काढलेलंच नाही.